थांब, मोजतेय!



सुट्टी कशी झाली? आमच्याकडे सगळ्या बॅगा रिकाम्या झाल्या, आंब्याची पेटी संपली, निपाणीहून आणलेली चटणी बरणीत गेली. एकच कापडी पिशवी अजून तशीच कोपऱ्यात आहे. तिच्यात विणायच्या दोन सुया, एक अर्धवट शाल, टकळी आणि उरलेले चार पेळू आहेत. आजचा लेख त्या पिशवीचा.

मागच्या अंकात मी प्रवासात मुलांना मोबाईलशिवाय कसं रमवायचं यावर लिहिलं होतं. त्यावर एका वाचक मैत्रिणीनं विचारलं, "मुलांचं ठीक आहे गं, पण आपल्या हातातला मोबाईल कोण काढून घेणार?" प्रश्न बरोबर वर्मी लागला. कारण गेल्या मे महिन्यात निपाणीला आईकडे आठ दिवस राहिले आणि त्यातले पाच दिवस माजघरात लॅपटॉप उघडून बसले होते. शेवटच्या दिवशी आई म्हणाली, "बरं झालं आलीस, घरात माणूस दिसलं." त्यात टोमणा होता की नाही ते अजून कळलेलं नाही.

म्हणून यंदा ठरवलं की बारा दिवस पूर्ण रजा, लॅपटॉप पुण्यातच राहील. पण माझ्यासारख्या माणसाला हातात काहीच नसेल तर ते आपोआप मोबाईलकडे जातात. तेव्हा हातांना दुसरं काम हवं. विणकाम लहानपणी आईकडून शिकलेच होते. सूतकताईचा नाद मात्र दोन वर्षांपूर्वीचा. एका प्रदर्शनात टकळी घेतली, असंख्य वेळा धागा तोडला आणि एके दिवशी तो तुटायचा थांबला. आता घरी एक पेटीचरखाही आहे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. टकळी म्हणजे एक बारीक सळई, खाली पितळेची गोल चकती आणि वर टोकाला आकडा. पिंजलेल्या कापसाची वळी म्हणजे पेळू, तो डाव्या हातात धरायचा. उजव्या हाताच्या चिमटीत टकळीला गिरकी द्यायची. ती फिरते, धाग्याला पीळ पडतो, आपण हळूहळू हात वर न्यायचा. मग तो धागा सळईवर गुंडाळायचा आणि पुन्हा गिरकी. पेटीचरख्यात हेच काम एक मोठं आणि एक लहान चाक मिळून करतं. येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी या सुटसुटीत चरख्यावर बरंच काम केलं, म्हणून त्याला येरवडा चक्रही म्हणतात. झाकण लावलं की ऑफिसच्या बॅगेसारखी पेटी होते, म्हणजे खास प्रवासासाठीच केल्यासारखी.

आता इंजिनीअर माणसाला नुसतं "वेळ मिळेल तसं कातेन" असं म्हणून चालत नाही. आकडा लागतो. माझा आकडा मला बेळगावातच मिळाला.

डिसेंबर 1924 मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं, हे आपल्याकडच्या प्रत्येकाला माहीत असतं. निदान काँग्रेस रोडवरून येता-जाता टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तरी पाहिलेली असते. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते या अधिवेशनात. स्वागताध्यक्ष होते आपले गंगाधरराव देशपांडे. त्या अधिवेशनाला 2024 मध्ये शंभर वर्षं झाली, तेव्हा मी त्याबद्दल जरा वाचलं आणि एका ठरावावर थांबले. काँग्रेसचं सभासद राहायचं असेल तर दर महिन्याला 2000 वार कातलेलं सूत द्यायचं! आजारपण असेल किंवा इच्छाच नसेल तर दुसऱ्यानं कातलेलं तेवढंच सूत दिलं तरी चालेल, अशी सवलत होती. पण मूळ अपेक्षा अशी की वकील असो, डॉक्टर असो, शिक्षक असो, प्रत्येकानं रोजच्या कामातून वेळ काढून सूत कातावं.

मी लगेच हिशोबाला बसले. 2000 वार म्हणजे 6000 फूट. सूत मोजताना फाळक्यावर गुंडाळतात, एक फेरा म्हणजे चार फूट, त्याला एक तार म्हणतात. म्हणजे 1500 तार. सुताचा नंबर वीस धरला तर एवढं सगळं सूत भरतं जेमतेम 54 ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांएवढं. माझा पेटीचरख्यावरचा वेग तासाला साधारण सव्वाशे तार. म्हणजे बारा दिवस रोज एक तास कातलं की झालं! त्या काळच्या सभासदांना महिना मिळत होता, मी बारा दिवसांत करून दाखवणार होते. शिवाय गाडीत विणायला एक जाळीची शाल घेतली. सोळा ओळींची नक्षी, प्रत्येक ओळ वेगळी. तीही परत येईपर्यंत संपवायची होती.

नवऱ्यानं पिशवी बघून फक्त एवढंच विचारलं, "आपण सुट्टीला चाललोय ना?"

पुण्याहून सकाळी सहाला निघालो. गाडी नवरा चालवत होता, मागे मी आणि आमची आठ वर्षांची कन्या. साताऱ्यापर्यंत चार ओळी झाल्या. पुढे रस्त्याचं काम चालू, गाडी थांबत-थांबत चाललेली, म्हणजे विणायला उत्तम. कराडच्या पुढे कन्या ओरडली, "आई, ते बघ, केवढ्या मेंढ्या!" माझ्या सुईवर तेव्हा बेचाळीस की त्रेचाळीस टाके होते. मी म्हटलं, "थांब, मोजतेय." मोजून मान वर केली तोवर मेंढ्या मागे गेल्या होत्या.

निपाणीत शिरताना काचा खाली केल्या की वखारीतल्या तंबाखूचा वास येतो. मला तो वास आला की घर आलं असं वाटतं, नवऱ्याला शिंका येतात. आईनं पिशवीतली शाल बघितली, नाकावर चष्मा चढवून उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "झ्याक आहे. पण ही बसून विणायची की बघून?"

मला कळलं नाही. मग तिनं समजावलं. तिच्या वेळी आमच्या गल्लीत दुपारी चार घरच्या बायका कट्ट्यावर विणत बसायच्या. बेळगाव-निपाणीकडे थंडी चांगली पडते. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नाही. घरात तीन मुलं म्हणजे दर दोन वर्षांनी तीन स्वेटर. सगळं सुलट-उलट, फार तर पुढच्या बाजूला एक वेणी. "आम्ही सुईकडं बघायचोच नाही. तुमच्याकडं बघायचो. कोण भांडतंय, कोण पडलं, कोण भिंतीवर चढलं. हात आपले चालायचे. तुझी ही शाल म्हणजे परीक्षेला बसल्यागत आहे."

मी हसून सोडून दिलं. निपाणीतल्या चार दिवसांत रोज पहाटे उठून चरख्यावर तासभर कातायचं ठरलं होतं. पहिल्या दिवशी 110 तार झाले. दुसऱ्या दिवशी भाऊ-वहिनी आले, रात्री दोनपर्यंत गप्पा, पहाट गेली. तिसऱ्या दिवशी स्तवनिधीला जायचं ठरलं. चौथ्या दिवशी चरख्याची माळ तुटली. चाकावरून चातीकडे जाणारी ती बारीक दोरी. दुसरी माळ करून घालेपर्यंत बेळगावला निघायची वेळ झाली. माझा हिशोब सांगत होता की आता उरलेल्या दिवसांत रोज दीड तास लागेल. ही भाषा तुम्हाला ओळखीची वाटली असेल. ऑफिसात प्रोजेक्ट मागे पडलं की आम्ही अगदी असंच बोलतो.

माझं सासर बेळगावात, वडगावच्या बाजूला. तिथे गल्लीगल्लीत यंत्रमाग आहेत. दुपारी सगळे झोपले तरी खटखट चालूच. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आपल्याकडे बहुतेक सुना तसंच म्हणतात. आत्या बहात्तर वर्षांच्या आहेत. फार बोलत नाहीत. दहा वर्षांत मला त्यांच्या लहानपणाबद्दल एवढंच कळलं होतं की माहेर निपाणीजवळच्या खेड्यातलं, घरात भावंडं पाच आणि परिस्थिती बेताची.

दुसऱ्या दुपारी मी सोप्यात शाल घेऊन बसले होते. बारावी ओळ, सगळ्यात किचकट. आत्या आल्या, पायरीवर बसल्या. जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या शाळेत बी हे सूत कातायला शिकवायचे. ती टकळी हाय न्हवं तुझ्या पिशवीत, तसली. मी सातवीत हुतो तवा..."

आणि मी म्हटलं, "एक मिनिट हं आत्या, मोजतेय."

एक मिनिट नाही, तीन मिनिटं लागली असतील. मध्येच एक टाका गळला होता, तो शोधून वर काढला. मान वर केली तर पायरीवर कोणी नाही. आत्या आत जाऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी जाऊन विचारलं, "काय सांगत होता आत्या?" त्या म्हणाल्या, "काय न्हाई गं. असंच." आणि तो विषय संपला.

रात्री कन्येला झोपवताना ती म्हणाली, "आई, घरी तू म्हणतेस थांब, कॉल चालू आहे. आणि इथे म्हणतेस थांब, मोजतेय." तिनं तक्रार केली नव्हती, फक्त निरीक्षण नोंदवलं होतं. म्हणूनच मला जास्त लागलं. लॅपटॉप पुण्यात ठेवून आले होते, पण त्याच्याबरोबर येणारी सवय पिशवीत घालून आणली होती. हातात सुया असल्या म्हणून माणूस घरच्यांबरोबर असतो असं नाही. माझं सगळं लक्ष आकड्यात होतं. सोळा ओळी, 1500 तार, दिवसाला किती, मागे किती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन हुदलीला गेलो. आत्यांना विचारलं, येणार का? नेहमीसारखं "मी कशाला" म्हणाल्या, मग लुगडं बदलून सगळ्यांच्या आधी गाडीत बसल्या.

हुदली बेळगावपासून फार लांब नाही. गंगाधररावांचं गाव. त्यांना कर्नाटकाचे सिंह म्हणत, आणि खादीचं काम त्यांनी या भागात इतकं रुजवलं की त्यांचं नाव खादीशी कायमचं जोडलं गेलं. 1937 च्या एप्रिलमध्ये गांधी सेवा संघाची बैठक हुदलीत भरली तेव्हा गांधीजी तिथे काही दिवस राहिले होते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात. कन्येला त्यात एकच प्रश्न पडला की तेव्हा पंखे होते का. हुदलीची दुसरी ओळख म्हणजे लोणचं. ते आम्ही घेतलंच.

खादीच्या केंद्रात बायका अंबर चरख्यावर कातत होत्या. अंबर चरखा हा माझ्या पेटीचरख्याचा मोठा भाऊ. तमिळनाडूतल्या एकांबरनाथ नावाच्या माणसानं तो तयार केला, त्यांच्याच नावावरून अंबर. एक दांडा फिरवला की एकाच वेळी अनेक चात्यांवर सूत निघतं. मी उत्साहानं एका बाईंना माझा वेग सांगितला, तासाला सव्वाशे तार. आत्यांनी ते कानडीत करून सांगितलं. आत्यांना इतकं सफाईदार कानडी येतं हे मला तेव्हा कळलं. त्या बाई हसल्या आणि काहीतरी बोलल्या. आत्या मला म्हणाल्या, "ती म्हणते, तुला मजुरी कोण देतंय? मग घाई कशाला करालीस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथे मजुरी गुंडीवर मिळते. जितक्या गुंड्या, तितके पैसे. त्या बाईंना आकड्याची घाई असण्याला कारण होतं. घरी मुलांची फी, दवाखाना, किराणा त्यातून निघत असणार. मी मात्र पगारी रजा घेऊन, हौसेच्या कामाला स्वतःच आकडा चिकटवून, त्याच्यापायी सासूला उठवून पाठवलं होतं.

परत आल्यावर जाळीची शाल पिशवीच्या तळाशी गेली. बेळगावच्या बाजारातून साधी लोकर आणली होती, कन्येच्या टोपीसाठी. ती लडीच्या रूपात मिळाली. लडीवरून थेट विणता येत नाही, आधी गुंडा करावा लागतो. आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं दोन्ही हात पुढे करून लडी ताणून धरायची, दुसऱ्यानं गुंडाळायचं. नवरा बाहेर गेला होता. मी आत्यांना म्हटलं, "जरा धरता का?"

त्या समोर बसल्या. दोन्ही हातांत लडी. आता त्यांना उठता येईना आणि मला मोजायचं काही नव्हतं. पंख्याचा आवाज, बाहेर मागाची खटखट. एक-दोन मिनिटं अशीच गेली. मग मी म्हटलं, "आत्या, सातवीत होता तेव्हा काय?"

त्या लडीकडे बघत बोलायला लागल्या. शाळेत आठवड्यातून दोन तास सूतकताईचे असायचे. घरून कापूस नेणारी मुलं वेगळी, शाळेचा कापूस वापरणारी वेगळी. आत्या शाळेचा वापरायच्या. गणितात जेमतेम पास, इतिहासात तसंच. पण सूतकताईत वर्गात पहिल्या. गुरुजींनी त्यांचं सूत साऱ्या वर्गाला दाखवलं होतं. "एकसारखं, जाडबारीक कुठंच न्हाई, असं म्हणाले." सातवीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात आजीला, म्हणजे त्यांच्या आईला, दम्यानं पकडलं. घरी विड्यांचं काम होतं. निपाणीत तेव्हा घराघरात ते काम होतं, आजही पुष्कळ बायका करतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. पान घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. दिवसाला हजार विड्या हा साधा हिशोब. आई पडली म्हटल्यावर मोठ्या मुलीनं सूप मांडीवर घेतलं. जूनमध्ये शाळा उघडली, आत्या गेल्या नाहीत. टकळी शाळेची होती. ती परत करायला मात्र गेल्या.

"गुरुजी म्हणाले, ठिव तुझ्याजवळ. पर मी दिली. म्हटलं, घरात ठिवली तर रोज दिसंल."

एवढं सांगून त्या गप्प झाल्या. मीही गुंडाळत राहिले. लडी संपली तेव्हा त्यांनी हात झटकले आणि म्हणाल्या, "विडी बांधायला बी दोराच. पर त्याला कोण नंबर देतंय?"

मी उठून पिशवीतली टकळी आणली. त्या नको नको म्हणाल्या, मग घेतली. पहिल्यांदा धागा तुटला. दुसऱ्यांदा तुटला. तिसऱ्यांदा तुटल्यावर त्यांनी पेळू उजेडात धरून बघितला आणि निकाल दिला, "कापूस बरोबर पिंजला न्हाई." मला हसू आलं. साठ वर्षांनंतरही दोष कापसाचाच! पण सहाव्या-सातव्या वेळी टकळी फिरली, हात वर गेला आणि धागा तसाच राहिला. आत्यांचं तोंड मी तेव्हा बघितलं. काही बोलल्या नाहीत, गुंडाळून पुन्हा गिरकी दिली. कन्या पळत आली, "आजी, मला शिकव." दोघींची टकळी सुरू झाली. मराठीत बडबडीला तोंडाची टकळी का म्हणतात ते मला त्या दुपारी समजलं. हातातली एक फिरायला लागली की तोंडातली दुसरी आपोआप फिरायला लागते. आत्या इतकं बोललेल्या त्यांच्या मुलानंही ऐकलं नव्हतं. तो संध्याकाळी आला आणि दारातच थांबून ऐकत राहिला.

निघायच्या आदल्या रात्री सगळं सूत फाळक्यावर घेऊन मोजलं. 1500 पैकी झाले 412 तार. त्यातले 37 आत्यांचे आणि 9 कन्येचे. आत्यांचा तुकडा डोळे झाकून बोटं फिरवली तरी ओळखू येतो. माझ्यापेक्षा एकसारखा आहे. कन्येचा म्हणजे कुठे दोरखंड, कुठे केस. पण सगळं एकाच लडीत ठेवलंय.

आकडा गाठला नाही याचं वाईट वाटलं का? जरा वाटलं. पण मग 1924 च्या ठरावाचं पुढे काय झालं ते आठवलं. महिन्याला 2000 वारांची ती अट वर्षभरही टिकली नाही. सप्टेंबर 1925 मध्ये पाटण्याला ती बदलली. वर्षाला चार आणे द्या, किंवा स्वतः कातलेलं 2000 वार सूत द्या. म्हणजे महिन्याचा आकडा वर्षाचा झाला आणि तोही ऐच्छिक! त्याच वेळी सूतकताईच्या कामासाठी चरखा संघ वेगळा काढला गेला. सभासदत्वाची अट गेली, पण कातणारे कातत राहिले. देशासाठी जीव द्यायला तयार असलेल्या माणसांनाही रोजच्या धबडग्यात तेवढं सूत जमलं नाही, तर सासर-माहेर करणारी मी कोण?

आता तुमच्यापैकी ज्यांना पुढच्या प्रवासात हातकाम न्यायचं असेल त्यांच्यासाठी, माझ्या चुकांवरून काढलेल्या चार गोष्टी.

पहिली, काम असं न्या की कोणीही हाक मारली तर अर्ध्या ओळीत खाली ठेवता येईल. आमच्या भाषेत सांगायचं तर आपोआप सेव्ह होणारं. टोपी, मफलर, सुलट-उलट पट्टा हे प्रवासाचं. जाळी, वेणी, रंगीत नक्षी हे घरचं, दार लावून करायचं.

दुसरी, टकळी चालत्या गाडीत उपयोगाची नाही. गचका बसला की धागा तुटतो. ती थांबलेल्या वेळेसाठी. स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, यात्रेत नैवेद्य होईपर्यंत. पेळू डब्यात ठेवा, नाहीतर बॅगेत कपड्यांखाली दबून त्यांची चपाती होते.

तिसरी, चरखा एकाच मुक्कामाला उघडा आणि जादा माळ जवळ ठेवा. चार दिवस इथे, तीन दिवस तिथे असेल तर घरीच राहू द्या. जागा आंब्याच्या पेटीला द्या.

चौथी आणि महत्त्वाची. ज्या कामाला दुसरं माणूस लागतं असं एक तरी काम मुद्दाम राखून ठेवा. लडीचा गुंडा करणं त्यासाठी सगळ्यात चांगलं. आणि ज्यांच्याकडून काही ऐकायचं राहिलंय त्यांनाच लडी धरायला सांगा. पण मग गुंडाळताना मोजू नका.

टोपी परतीच्या प्रवासात झाली. कराडच्या अलीकडे कन्या म्हणाली, "आई, बघ, परत मेंढ्या!" या वेळी मी बघितल्या. रस्त्याच्या कडेनं कळप चालला होता, मागे डोक्याला लाल मुंडासं बांधलेला धनगर, खांद्यावर घोंगडी. हातातली सुलट ओळ आपली चालूच होती.

येताना टकळी मी आत्यांकडे ठेवून येणार होते. त्यांनी ती परत माझ्या पिशवीत घातली. म्हणाल्या, "दिवाळीला येशील तवा आण. आन् कापूस जरा बरा बघ."

तेव्हा मंडळी, चांगला पिंजलेला कापूस कुठे मिळतो हे कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा. दिवाळीपर्यंत वेळ आहे. पुढच्या अंकात भेटूच!